अंथरुणात शू होते, पण का? मुलांचं आणि मोठ्यांचं कारण घरीच कसं शोधायचं

इंदूरला मुलांच्या ओपीडीत मी बरीच वर्षं नर्स म्हणून काम केलंय, आणि राजेंद्रनगर, सुदामानगर, रामबाग इकडच्या मराठी घरांतल्या आया-आज्या मला लग्नात नाहीतर गणपतीच्या मंडपात हळूच बाजूला घेऊन विचारतात, "सिस्टर, आमचा आठ वर्षांचा झाला हो, अजून गादी ओली करतो." आणि लगेच पुढचं वाक्य, "संध्याकाळपासून पाणी बंद केलंय, रात्री दोनदा उठवून नेते, तीळ-गूळ पण देऊन झाला." म्हणजे उपाय तीन करून झालेले असतात आणि कारण कुणी बघितलेलंच नसतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितीये. झोपेत शू होण्याची कारणं वेगवेगळी आहेत, एका मुलाला जे लागू पडलं ते दुसऱ्याला पडेलच असं नाही, आणि कुठलं कारण आपल्या घरात आहे ते बऱ्यापैकी घरच्या घरी कळतं, त्याला एक मापाचा मग, एक वही आणि दोन सुट्टीचे दिवस लागतात.

आधी वयाचं बघू. पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत काही शोधायची गरजच नाही, ते वाढीचाच भाग आहे. पाचव्या वर्षी शंभरातली साधारण पंधरा मुलं रात्री ओली होतात, सातव्या वर्षी दहाच्या आसपास, दहाव्या वर्षी पाच, आणि पंधरा वर्षांनंतरही एखाद-दुसरं राहतंच. दर वर्षी अशा मुलांपैकी साधारण पंधरा टक्के आपोआप कोरडी होतात, काहीही न करता. म्हणूनच कुणाच्या ताईताने बरं होतं, कुणाच्या दृष्ट काढल्याने, कुणाच्या तिळाने, ती मुलं त्या वर्षी तशीही कोरडी होणारच होती. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हे जास्त दिसतं. आणि वर्गात चाळीस मुलं असतील तर तुमच्याच मुलासारखी अजून दोन-तीन त्याच वर्गात बसलेली असतात, फक्त कुणी बोलत नाही.

आता घराण्याचं. आई किंवा बाबा, दोघांपैकी एकाला लहानपणी हे असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण ४४ टक्के, दोघांनाही असेल तर ७७, आणि कुणालाच नसेल तर १५ टक्क्यांच्या आसपास. १९९५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी काही कुटुंबांमध्ये याचा संबंध १३ नंबरच्या गुणसूत्राशी लावून दाखवला. ओपीडीत मी हे आजीला विचारायचे, आईला नाही. एकदा एक बाबा मुलाला समोर उभं करून रागावत होते, नऊ वर्षांचा घोडा झाला वगैरे, मी आजींना म्हटलं की यांचं लहानपणी कसं होतं हो, तर आजी पदर सावरत म्हणाल्या, "याचं? हा आठवीत जाईपर्यंत मी गच्चीवर रोज गोधडी वाळत घालत होते." त्या बाबांचा चेहरा उतरला आणि मुलाने पहिल्यांदा मान वर करून बघितलं. त्या दिवसापासून त्या घरात रागावणं बंद झालं असं आजींनी नंतर सांगितलं. तुम्हीही विचारा, आणि उत्तर हो असेल तर ते मुलाला सांगा, की बाबांचं पण असंच होतं नि ते बरे झाले. मुलाला याने फार आधार वाटतो.

आत नेमकं काय होतं

रात्री कोरडं राहायला शरीराला तीन गोष्टी जमाव्या लागतात. एक, रात्री लघवी कमी तयार व्हायला हवी. मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन निघतं, ते किडनीला पाणी राखून ठेवायला सांगतं, आणि बहुतेकांमध्ये ते रात्री वाढतं. काही मुलांमध्ये ते रात्री पुरेसं वाढत नाही, म्हणजे किडनी रात्रभर दिवसासारखीच लघवी बनवत राहते. दोन, लघवीच्या पिशवीत ती मावायला हवी. काहींची पिशवी वयाच्या मानाने कमी धरते किंवा अर्धी भरली की लगेच आवळते. तीन, पिशवी भरली की मेंदूने जागं व्हायला हवं, आणि या मुलांचा मेंदू तो निरोप ऐकतच नाही. आया सांगतात की दिवाळीत फटाके वाजले तरी उठत नाही, ते खरंच असतं, मुलगा सोंग करत नसतो. उलट अशा बऱ्याच मुलांची झोप वरून गाढ दिसते पण चांगली नसते, तुटक असते.

तिसरी गोष्ट जवळजवळ सगळ्यांमध्ये असते, कारण जाग आली असती तर मूल उठून गेलंच असतं ना. प्रश्न असतो पहिल्या दोनपैकी कुठली, की दोन्ही. आणि हेच घरी मोजता येतं.

मोजायचं कसं

शनिवार-रविवार निवडा, मूल घरी असतं. स्वयंपाकघरातला मापाचा प्लॅस्टिकचा मग घ्या, मिलीलीटरच्या खुणा असलेला, तो नंतर याच कामाला ठेवा. दोन दिवस दर वेळची शू त्यात करायची आणि वहीत वेळ आणि माप लिहायचं, पाणी, दूध, चहा काय किती प्यायलं तेही लिहायचं. सकाळी उठल्यावरची पहिली शू वेगळी धरा, बाकी दिवसातलं सगळ्यात मोठं माप कुठलं ते बघा. आता हिशोब, मुलाच्या वयात एक मिळवा नि तीसने गुणा, तेवढे मिलीलीटर त्याची पिशवी धरायला हवी. हे चार ते बारा वर्षांपर्यंत चालतं. आठ वर्षांच्या मुलाची आठ अधिक एक म्हणजे नऊ, नऊ गुणिले तीस, २७० मिली.

रात्रीचं माप असं, आठवडाभर रात्री डायपर घाला (मोठ्या मुलांच्या मापाचे पँटसारखे मिळतात, मुलाला आधी समजावून सांगा की हे मोजायला आहे, परत बाळ करायला नाही). कोरड्या डायपरचं वजन आधी किचनच्या डिजिटल काट्यावर करून ठेवा, सकाळी ओल्याचं करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. त्यात सकाळची पहिली शू मिळवली की रात्रभराची लघवी निघते.

दोन मुलं सांगते, दोघंही आठ वर्षांची. मुलगा दिवसातून बारा-तेरा वेळा जायचा, आणि सगळ्यात मोठं माप आलं ११० मिली, २७० च्या निम्म्याहून कमी. रात्रीची लघवी काही जास्त नव्हती, पण पिशवीत मावतच नव्हती. मुलगी दिवसात आरामात २५० मिली करायची, म्हणजे पिशवी व्यवस्थित, पण डायपरमध्ये ३३० ग्रॅम आणि सकाळी वर १८०, एकूण ५१० मिली. रात्रभराची लघवी पिशवीच्या अपेक्षित मापाच्या सव्वापटीपेक्षा जास्त, नेमकं सांगायचं तर १३० टक्क्यांच्या वर, म्हणजे तिच्यासाठी साधारण ३५० च्या वर गेली की रात्री जास्त तयार होतेय असं समजतात. दोघांचीही गादी रोज ओली, आया दोघींच्या सारख्याच थकलेल्या, पण मुलाचं काम पिशवीवर करायचं होतं आणि मुलीचं रात्रीच्या लघवीवर. ही वही डॉक्टरांकडे नेली की त्यांचं अर्धं काम झालेलं असतं, आणि तुम्हालाही कळतं की ते जे औषध देतायत ते कशासाठी.

वही भरताना अजून एक गोष्ट हमखास दिसते. मूल शाळेत पाण्याची बाटली घेऊन जातं आणि तशीच भरलेली परत आणतं. विचारलं तर सांगतं की टॉयलेट घाण असतं म्हणून पितच नाही, किंवा टीचर सोडत नाहीत. मग साडेतीनला घरी आल्यावर तहान एकदम उसळते, खेळून आल्यावर अजून, आणि दिवसभराचं सगळं पाणी संध्याकाळी पाच ते दहाच्या मध्ये पोटात जातं. अशा मुलाचं पाणी रात्री बंद करून काय होणार, त्याला दिवसा पाजायला हवं. दिवसभरात जे प्यायचं त्यातलं साधारण ४० टक्के दुपारपर्यंत, ४० टक्के संध्याकाळपर्यंत, आणि उरलेलं २० टक्के संध्याकाळनंतर, असं वाटून द्या. आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला दिवसाला लीटर ते सव्वा-दीड लीटर तरी हवं, मे महिन्यात जास्तच. शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेशी बोला, मधल्या सुट्टीखेरीज अजून एकदा मुलाला सोडा एवढंच सांगायचं, कारण सांगायची गरज नाही. दिवसातून पाच-सात वेळा, दर दोन-तीन तासांनी शू व्हायला हवी, आणि झोपायच्या आधी अर्ध्या तासाने एकदा नि अगदी झोपताना परत एकदा. मुली घाईत अर्धवट बसतात, उठतात, त्यांना पाय नीट फाकवून, निवांत, पूर्ण रिकामी होईपर्यंत बसायला शिकवा. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट नाहीतर स्टूल द्या.

इंदूरच्या जेवणाचं जरा वेगळं बोलायला हवं

आपल्याकडे शेव सगळ्यावर असते, पोह्यांवर, डाळीवर, भाजीत, नुसती वाटीभर. रात्री उशिरा जेवायची सवय आहे, आणि पाहुणे आले की अकरा वाजता सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात चक्कर, मुलंही बरोबर, थंडीत तळलेलं गराडू (एक कंद), वर चाट मसाला, मग शिकंजी. यात पाण्यापेक्षा मिठाचं जास्त लक्षात ठेवा. रात्री खाल्लेलं जास्तीचं मीठ किडनीला रात्रीतच बाहेर टाकावं लागतं, आणि मीठ एकटं जात नाही, पाणी घेऊन जातं. शिवाय तहान लागते ती वेगळीच. म्हणजे संध्याकाळी पाणी बंद केलेलं असूनही नमकीन चालू असेल तर लघवी भरपूर बनते. झोपताना ग्लासभर दूध द्यायची पद्धतही अशीच, ते दूध संध्याकाळी पाच-सहाला द्या, फायदा काही कमी होत नाही. आणि चहा, लहान मुलांना आजोबांच्या बशीतला चहा आपल्याकडे सर्रास मिळतो, कोला पण, दोन्हीत कॅफिन असतं, ते पिशवीला चिडवतं, तेवढं तरी संध्याकाळनंतर पूर्ण बंद. सराफा बंद करा असं मी कुणाला सांगत नाही, महिन्यातून एकदा जायला काय हरकत आहे, पण रोजचं रात्रीचं जेवण आठच्या आत आणि कमी खारट, हे पंधरा दिवस करून वहीत फरक बघा. वर सांगितलेल्या मुलीचं अर्धं काम याच्यानेच झालं.

पोट साफ होतं का

हा प्रश्न विचारला की आई म्हणते, हो हो रोज जातो. मग मुलाला विचारलं की सांगतो, खड्यासारखी होते, दुखतं, कधी दोन-तीन दिवस जातच नाही. लघवीची पिशवी आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग अगदी शेजारी-शेजारी असतात. ते आतडं कडक शीने भरून फुगलं की पिशवीला पसरायला जागा उरत नाही, आणि तिच्यावर सारखा दाब येऊन ती वेळेआधी आवळते. किती घरांमध्ये फक्त पोट साफ करून गादी कोरडी झालेली मी बघितलीये, आणि किती घरांमध्ये हे कारण समोर असून वर्षानुवर्षं कुणी बघितलं नाही, म्हणून मी यावर हटून बसते. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणं, जाड नि कडक असणं, चड्डीला डाग लागणं, ही लक्षणं. पेरू, पपई, भाज्या, डाळी हे आहेच, मैदा आणि दिवसाला तीन-तीन ग्लास दूध कमी, जेवण झाल्यावर रोज दहा मिनिटं शीला बसवणं, हे सगळं करा, पण आतडं खूप दिवस भरलेलं असेल तर डॉक्टर शी मऊ करणारं औषध, लॅक्टुलोज किंवा पावडर देतात आणि ती काही महिने घ्यावी लागते, आठ दिवसांत बंद करू नका. जिथे बद्धकोष्ठ आहे तिथे आधी याचा इलाज, मग बाकी सगळं.

घोरणं

मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, मध्येच श्वास अडल्यासारखा होतो, तर टॉन्सिल किंवा नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. श्वास घ्यायला जोर लावावा लागला की छातीतल्या दाबामुळे हृदयातून एक हार्मोन सुटतं जे किडनीला जास्त लघवी बनवायला लावतं. कान-नाक-घसावाल्यांना दाखवा, झोपेतला दोन मिनिटांचा मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन जा. गाठींचा इलाज झाला की बऱ्याच मुलांचं अंथरूण पण कोरडं होतं.

जो कोरडा झाला होता आणि परत सुरू झालं

इथपर्यंत जे लिहिलं ते मुख्यतः अशा मुलांचं, जी जन्मापासून कधी सलग सहा महिने कोरडी राहिलीच नाहीत. पण सहा महिने किंवा त्याहून जास्त कोरडं राहिलेलं मूल परत ओलं करायला लागलं तर ती वेगळी गोष्ट आहे, तिथे वाट बघायची नाही.

सगळ्यात आधी साखर. मूल अचानक खूप पाणी पितंय, सारखं शूला जातंय, खाऊनही वाळतंय, थकलंय, आणि गादी ओली व्हायला लागलीये, तर त्याच दिवशी रक्तातली शुगर तपासा, उद्या नाही. मुलांचा टाइप वन डायबिटीस असाच सुरू होतो, आणि त्यात उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास सुरू झाला तर काही तासांत जीवावर येतं, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. इंदूरला एमवाय हॉस्पिटल आहे, त्याच्या जवळच मुलांचं चाचा नेहरू हॉस्पिटल आहे, तिकडे जा किंवा तुमच्या जवळ जे असेल तिकडे, पण थांबू नका. पूर्वी बायका म्हणायच्या शूला मुंग्या लागतायत, त्या मुंग्यांची वाट बघत बसू नका, बोटातून एक थेंब रक्त घेऊन मिनिटात कळतं.

मग लघवीचं इन्फेक्शन, जळजळ, वास, ताप, विशेषतः मुलींमध्ये. साधी लघवीची तपासणी करा, शंका असेल तर कल्चर, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का ते बघणं. आणि मन. घरात नवीन बाळ आलं, शाळा बदलली, आजोबा गेले, आईबाबांची भांडणं, शाळेत कुणी त्रास देतंय. आणि हेही स्पष्ट लिहिते, कुणी मोठं माणूस मुलाशी वाईट वागतंय का, नको तिथे हात लावतंय का, हे शांतपणे, एकट्यात, न रागावता विचारा, आणि मुलाने काही सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

दिवसासुद्धा चड्डी ओली होणं, शूची धार बारीक किंवा थांबून-थांबून येणं, लघवीत रक्त, चालताना पाय ओढणं, किंवा कमरेच्या खाली मणक्यावर खड्डा नाहीतर केसांचा पुंजका दिसणं, यातलं काहीही असेल तर तेही मुलांच्या डॉक्टरांना लगेच. अंघोळ घालताना पाठ एकदा नीट बघून घ्या, मिनिटाचं काम आहे.

उपाय, कारणाप्रमाणे

पाणी, मीठ, पोट हे सगळं महिनाभर नीट करूनही राहिलं तर मुख्य दोन रस्ते आहेत. पहिला अलार्म. चड्डीला एक छोटा सेन्सर लावतात, पहिला थेंब पडला की तो वाजतो. ही कल्पना जुनी आहे, १९३८ मध्ये मॉव्हरर पतिपत्नींनी अमेरिकेत याचा प्रयोग छापला. रोज नीट वापरला तर तीनातली साधारण दोन मुलं कोरडी होतात, आणि ज्यांची पिशवी लहान आहे त्यांनाही चालतो. पण आधीच सांगते, पहिले दोन-तीन आठवडे मूल त्याने उठत नाही, घरचे सगळे उठतात. तुम्ही जाऊन त्याला पूर्ण जागं करायचं, अलार्म त्यानेच बंद करायचा, चालत बाथरूमला जायचं, राहिलेली शू तिथे करायची, चड्डी बदलायची, परत लावायचा. इथे आया थकून सोडतात, आणि नेमकं इथेच सोडायचं नाही. आधी ओला डाग लहान व्हायला लागतो, मग मूल वाजल्या-वाजल्या उठतं, मग वाजायच्या आधी उठतं किंवा सकाळपर्यंत झोपतं. दोन-तीन महिने धरून चाला, सलग चौदा रात्री कोरड्या गेल्या की काढायचा, परत सुरू झालं तर परत लावायचा. सगळे एकाच खोलीत झोपत असतील, घरात तान्हं बाळ असेल, आजोबा आजारी असतील तर आत्ता नको, थोडं सावरलं की करा.

दुसरं औषध, डेस्मोप्रेसिन, ते रात्रीच्या त्या हार्मोनसारखंच काम करतं, म्हणून ज्यांची रात्रीची लघवी जास्त आहे त्यांना चांगलं लागू पडतं. ज्याची पिशवीच ११० मिली धरते त्याला एकट्या याने फारसा फरक पडत नाही, म्हणून तर मोजायला सांगितलं. हे डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय देऊच नका, आणि एक नियम पाळायचाच, गोळीच्या एक तास आधीपासून ते आठ तास नंतरपर्यंत पाणी नाही, अगदी घोटभर चालेल. नाहीतर शरीरात पाणी साचून रक्तातलं सोडियम उतरतं, झटके येऊ शकतात. ताप, जुलाब, उलट्या असतील त्या दिवशी गोळी नाही. औषध बंद केलं की बऱ्याच मुलांचं परत सुरू होतं, त्यामुळे हा कायमचा इलाज समजू नका, पण मामाकडे पुण्याला रात्रीच्या गाडीने जायचंय, बर्थवर झोपायचंय, किंवा शाळेचा कॅम्प आहे, तेव्हा याने मुलाची लाज वाचते. फक्त दहा-पंधरा दिवस आधी घरी देऊन बघा की लागू पडतंय का. इमिप्रामिन नावाची जुनी गोळी अजूनही कुणी-कुणी सुचवतं, ती जास्त पोटात गेली तर हृदयावर येते, घरात दुसरं लहान मूल असेल तर फारच जपायला हवं.

रात्री उठवून नेणं, याने गादी वाचते, मूल बरं होत नाही. अर्धवट झोपेत उचलून नेलेल्या मुलाचा मेंदू काहीच शिकत नाही. तुम्हाला झेपत असेल, ज्या दिवशी नळाला नर्मदेचं पाणी येणार नाही त्या दिवशी धुणं नको असेल, तर खुशाल न्या, पण दोन-दोनदा उठून स्वतःची झोप घालवू नका. गादीवर वॉटरप्रूफ कव्हर, त्यावर चादर, त्यावर परत कव्हर आणि चादर असं दुहेरी घाला, म्हणजे रात्री वरची जोडी काढली की काम झालं. सकाळी मुलाला अंघोळ घालाच, शाळेत वास आला की मुलं चिडवतात आणि ती जखम जास्त खोल जाते. चादर बादलीत टाकायला त्याची मदत घ्या, बोलणं न लावता. मारणं, भावंडांसमोर बोलणं, पाहुण्यांना सांगणं, ओल्या गादीवर तसंच झोपू देणं, यातल्या एकानेही आजपर्यंत कुणी कोरडं झालेलं नाही. बक्षीस द्यायचं तर कोरड्या रात्रीचं देऊ नका, ती त्याच्या हातात नाही, दिवसा बाटली संपवली, झोपताना दोनदा शूला गेला, त्याचं द्या.

मोठ्यांचं

याबद्दल तर कुणी बोलतच नाही. मोठ्यांमध्येही शंभरात एखाद्याला हे असतं. काहींचं लहानपणापासून चालत आलेलं, आणि त्यांना वाटतं आपल्यावर इलाजच नाही. भंवरकुआला पीजीत राहून परीक्षांची तयारी करणारा एक चोवीस वर्षांचा मुलगा माझ्या ओळखीत आला, घरच्यांनी लग्नाचं बघायला सुरुवात केली होती म्हणून घाबरला होता, रूममेट नको म्हणून दुप्पट भाडं भरत होता. रात्री एकपर्यंत चहा, जेवण अकराला. त्याला यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे लघवीच्या आजारांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, हीच वही, हाच मग, आणि पिशवी जास्त आवळते असं निघालं, औषध आणि सवयी दोन्ही बदलून काही महिन्यांत त्याचं खूप सुधारलं. म्हणजे वय गेलं म्हणून रस्ता बंद होत नाही, मुलांचे बरेचसे उपाय मोठ्यांनाही आहेत.

पण मोठेपणी नव्याने सुरू झालं तर त्यामागे जवळजवळ नेहमी काहीतरी शोधण्यासारखं असतं. पन्नाशी-साठी पुढच्या पुरुषांमध्ये हे फार महत्त्वाचं. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या पिशवीखालची ग्रंथी, वाढलं की पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, हळूहळू तुंबत जाते, दुखतही नाही, आणि झोपेत भरलेली पिशवी ओसंडते. घरचे समजतात वय झालं. आमच्या शेजारच्या एका काकांचं काकू दोन महिने लपवून चादरी धूत होत्या, शेवटी पोट खाली फुगलेलं दिसलं म्हणून नेलं तर पिशवीत लीटरभर लघवी अडलेली आणि क्रिएटिनिन वाढलेलं, किडनीवर यायला लागलं होतं. नळी घालून मोकळं केलं, पुढे ऑपरेशन झालं. आजोबांची चादर ओली दिसली तर ओरडू नका, लपवू नका, त्या आठवड्यातच दाखवा.

बाकी डायबिटीस आहेच, साखर वाढली की लघवी वाढते. जोरात घोरणारी, दिवसा पेंगणारी जाड माणसं, त्यांचा स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडणं, मुलांसारखंच. दारू, ती व्हॅसोप्रेसिन दाबते आणि वर जाग येऊ देत नाही. झोपेच्या गोळ्या, मानसिक आजाराची काही औषधं, संध्याकाळी घेतलेली बीपी-सूज उतरवायची पाण्याची गोळी, साखरेची डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, ही लघवीतूनच साखर काढतात. यातली कुठलीही स्वतः बंद करू नका, नाव लिहून डॉक्टरांना विचारा की सकाळी घेतली तर चालेल का. ज्यांचे पाय संध्याकाळी सुजतात त्यांचं ते पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि रात्री लघवी होते, दुपारी तासभर पाय उंच करून पडलं तर थोडं आधीच निघून जातं. झोपेत जीभ चावलेली, सकाळी अंग ठेचल्यासारखं, आणि गादी ओली, तर झोपेतली फिट असू शकते, न्यूरोलॉजिस्टकडे. कंबरदुखीबरोबर पायात बधिरपणा, शी-शूच्या जागी मुंग्या किंवा संवेदना कमी, आणि लघवीवर ताबा गेला तर तीच रात्र हॉस्पिटल, सकाळ होऊ देऊ नका.

बायका बाळंतपणानंतर किंवा पाळी गेल्यावर सगळंच सोसत बसतात, दिवसा खोकला आला की गळतं, रात्री पोचेपर्यंत होतं, गादी क्वचित ओली होते, त्याला व्यायाम आहेत, औषधं आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना नाहीतर यूरोलॉजिस्टना मोकळेपणाने सांगा.

मोठ्यांनी पहिल्या भेटीला तीन दिवसांची वही, चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत, आणि जुने रिपोर्ट न्या. बहुतेक लघवीची तपासणी, शुगर, क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी सांगतील. सोनोग्राफीला लघवी भरलेली ठेवून जायचं आणि तिथे सांगायचं की शू करून आल्यावर आत किती उरतं ते पण बघा, कारण घाईत तेवढंच राहून जातं आणि मग परत जावं लागतं.